लेझीम पथक आणि खिलाडूवृत्ती

मैदानाच्या कडेला उभे राहून तालबद्ध घोषणांनी आपल्या संघाला उत्तेजन देण्याची प्रथा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १८९८ साली सुरू झाली, असे मानतात. आरंभी हे काम मुलगेच करीत. आपल्याकडे २००८ साली आय.पी.एल. सुरू झाली आणि त्या प्रकारातील झगमगाट तेवढा आला. त्यामागची शिस्त आली नाही. परंतु खेळाडूंच्या आधी मैदानात उतरून वातावरण तापविणारे पथक आपल्या शाळांना नवे नाही. ते म्हणजे लेझीम पथक. पाथर्डी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गेली चार वर्षे संध्याकाळी मी असे पथक शिकवीत आहे. त्या आधारावर चार शब्द लिहीत आहे.

लेझीम मूळची तालमीतली. धनुष्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावायची आणि ती ताणून दंड कमवायचे, अशी ती मेहनत होती. पुढे लाकडी दांड्याची, साखळीत चकत्या ओवलेली आटोपशीर लेझीम आली आणि शाळेच्या कवायतीत रुळली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनातही तिचा आवाज घुमला. 'चार आवाज', 'आगे फलांग', 'दो रुख' हे हुकूम आमच्यापैकी अनेकांच्या कानांत अजून असतील.

कबड्डीत चूक दिसते. लेझमीत ती ऐकू येते. चाळीस लेझमी एकदम मिटल्या आणि एक क्षणभर मागे राहिली, तर तो एकटा 'छन्' साऱ्या मैदानाला कळतो. मात्र तो कोणाचा, हे रांगेतल्या मुलांनाही पुष्कळदा कळत नाही. मग माना वळतात, डोळे वटारले जातात आणि या शोधात पुढचे दोन ठोके आणखी चारजण चुकतात. म्हणून मी एकच नियम घातला : चूक ऐकू आली की नजर समोर. चुकलेल्याने पुढचा ठोका धरावा, शेजाऱ्याने आपला सांभाळावा. कोण चुकले हे मी नंतरही विचारीत नाही. नवल असे, की महिन्याभरात मुले आपण होऊन येऊन सांगू लागली, "सर, तो मीच होतो." शिक्षेच्या धाकाने ही कबुली मिळाली असती असे मला वाटत नाही.

खरी कसोटी दिवाळीच्या सुमारास लागते. आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळ्या निघू लागतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. एका वर्षी पथकाचा म्होरक्या, उत्तम ताल असलेला नववीतला मुलगा, आईबापांबरोबर कोयत्यावर गेला. प्रजासत्ताक दिनाचे संचलन तोंडावर आलेले. त्याची जागा कोणी घ्यायची, यावरून दोन मुलांत हातघाईची वेळ आली. दोघेही चांगले, एक उंच, दुसरा तालाला पक्का. उंच मुलाचे वडील गावातले वजनदार गृहस्थ, हेही येथे सांगितले पाहिजे.

मी निवड केली नाही. आठवडाभर प्रत्येकाला रोज पाच मिनिटे म्होरक्या केले, अगदी शेवटच्या रांगेतल्यालाही. पुढे उभे राहिले की मागचे कोणी दिसत नाही, केवळ आवाजावर विसंबावे लागते, हे त्या पाच मिनिटांत सर्वांना उमगले. शनिवारी मुलांनी ज्याचे नाव सुचविले तो या दोघांपैकी नव्हताच. आवाज बेताचा, पण त्याच्या हुकुमात घाई नव्हती. उंच मुलगा दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि मुकाट्याने हलगीपाशी जाऊन उभा राहिला. पुढे हलगी त्यानेच सांभाळली.

क्रीडासंमेलनात आमची शाळा खो-खोत हरली, तेव्हा जिंकलेल्या संघासाठीही लेझीम वाजवायची की नाही, असा प्रश्न नव्या म्होरक्याने मला डोळ्यांनीच विचारला. मी दुसरीकडे पाहिले. त्याने शिट्टी फुंकली. निम्म्या पथकाने उत्साहाने वाजविली, निम्म्याने कशीबशी. तरी ठोका एकत्र पडला.

ऊसतोडीला गेलेला मुलगा चैत्रात परत आला. त्याने आपली जागा मागितली नाही. जूनमध्ये सरावाला आला, तो तिसऱ्या रांगेत उभा राहिला आणि नव्या मुलांना 'चार आवाज' शिकवू लागला. तो आता दहावीत आहे. यंदा दसऱ्यानंतर त्याने आजीजवळ राहावे, म्हणून मुख्याध्यापक आणि मी त्याच्या वडिलांना दोनदा भेटून आलो आहोत.