मनू, स्टॉल सजवायच्या आधी

मनू, तुझा स्टॉल बुक झाल्याचं कळलं आणि ऊर भरून आला गं. सांगलीतलं तुझं छोटंसं हळदीचं युनिट गोरेगावच्या नेस्कोत, बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये, मोठमोठ्या मसालेवाल्यांच्या शेजारी उभं राहणार. बॅनरचा रंग कोणता, मागे पोस्टर कसलं, तांब्याचं घंगाळ ठेवू का, असे तुझे मेसेज सकाळपासून येताहेत. ते सगळं ठरवूच आपण. आधी मात्र आयोजकांनी मेल केलेली ती जाडजूड पीडीएफ उघड. एक्झिबिटर मॅन्युअल म्हणतात तिला. छापून घे, हातात पेन्सिल घेऊन बस आणि पहिल्या वाचनात फक्त तारखांना गोल कर. फेशियावरच्या, म्हणजे स्टॉलच्या वरच्या पट्टीवरच्या, नावाची तारीख, जादा विजेची, फर्निचरची, बॅजची. आपल्यासारख्या लहान उद्योजकांचे पैसे सजावटीपेक्षा या तारखा चुकण्यातच जास्त जातात. तारीख उलटली की प्रत्येक गोष्टीला जादा आकार लागतो, आणि हॉलमध्ये पोचल्यावर मागायला गेलीस तर पैसे देऊनही मिळेलच असं नाही.

तुझा स्टॉल तीन बाय तीनचा, म्हणजे नऊ चौरस मीटर, आणि शेल स्कीमचा. ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेली पांढरी पॅनल्स, वर नावाची पट्टी, खाली कार्पेट, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट आणि एक सॉकेट. साधारण एवढंच मिळतं. नक्की काय मिळणार ते तुझ्या पुस्तिकेतून टिपून घे, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. पॅनल एक मीटर रुंद आणि जवळपास अडीच मीटर उंच असतं, पण खांबांमध्ये ते थोडं आत बसतं, म्हणून डोळ्यांना दिसणारा भाग मीटरपेक्षा कमी भरतो. पोस्टर छापायला टाकण्याआधी ते दिसणारं माप आयोजकांकडून लेखी मागव. नाहीतर तुझ्या नावाचं शेवटचं अक्षर खांबामागे जाईल. आणि हो, फेशियावर नाव जसं फॉर्ममध्ये लिहून देशील तसंच येतं. इंग्रजी स्पेलिंग दोघांकडून तपासून घे.

पॅनलला खिळा ठोकायचा नाही, ड्रिल मारायचं नाही, रंग लावायचा नाही. ती भाड्याची असतात आणि उतरवताना तपासली जातात. भोक पडलं किंवा डाग राहिला तर भरपाई तुझ्याकडून घेतात. इथे तुझ्या मालाची वेगळी काळजी घ्यावी लागेल, मनू. हळदीचा डाग किती चिवट ते तुला मी काय सांगू! पांढरं पॅनल आणि भाड्याचं कार्पेट, दोन्ही तिच्या तावडीत सापडणार. नमुने काचेच्या झाकणाच्या बरण्यांत ठेव, बरण्या काठ असलेल्या स्टीलच्या ट्रेमध्ये. पुड्या भरायचं काम सांगलीतच उरकून ये, स्टॉलवर पोतं उघडूच नकोस. तरी सांडलीच, तर ओल्या फडक्यानं पुसायला धावायचं नाही. आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाडून कागदावर घ्यायची, मग उरलेली चिकटपट्टीनं उचलायची. पाणी लागलं की ती कार्पेटच्या धाग्यात मुरते आणि मग निघत नाही.

आता वीज. हा भाग दोनदा वाच. गरम हळदीचं दूध पाजायचं तुझ्या मनात आहे आणि कल्पना सुरेखच आहे. पण हॉलमध्ये गॅस सिलिंडर आणायला मनाई असते, म्हणजे इंडक्शन आलं. घरगुती इंडक्शन दोन हजार वॉटपर्यंत ओढतं. स्टॉलमधलं साधं पाच अँपिअरचं सॉकेट साडेअकराशे वॉटच्या आसपासच पेलतं. तू शेगडी लावलीस की एमसीबी पडणार, आणि एकाच फेजवर चार स्टॉल असतील तर शेजाऱ्यांचेही दिवे जाणार. तेही ऐन त्यांच्या समोर खरेदीदार बसलेला असताना! म्हणून जादा किलोवॉटचा फॉर्म वेळेत भर आणि त्यात शेगडी, मिक्सर, टीव्ही सगळं वॉटसकट लिही. दूध फ्रिजमध्ये राहणार असेल तर चोवीस तासांची लाइन वेगळी मागावी लागते, कारण रात्री प्रदर्शन बंद झालं की स्टॉलचा पुरवठा बंद करतात. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खुपसायचा नाही. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनच करेल, तुमच्या युनिटमधला मुलगा कितीही हुशार असला तरी.

या नियमांना कुणी कटकट म्हटलं की मला मेरठ आठवतं. १० एप्रिल २००६ला तिथल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. बंदिस्त मंडपांना आग लागली आणि साठांहून जास्त माणसं गेली. पोराबाळांना घेऊन खरेदीला आलेली साधी घरातली माणसं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये न्यायालयानं भरपाईची जबाबदारी आयोजकांवर साठ टक्के आणि राज्य सरकारवर चाळीस टक्के अशी कायम केली. अमेरिकेत शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस हे पोलाद आणि काँक्रीटचं अवाढव्य प्रदर्शनगृह १९६७च्या जानेवारीत जळून खाक झालं. त्याला आग लागणार नाही असाच सगळ्यांचा समज होता. सुरुवात झाली ती घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनातल्या एका स्टॉलच्या मागच्या भिंतीशी, विजेच्या तारांपाशी. तेव्हा पडदे लावायचे असतील तर आगरोधक प्रक्रिया केलेलेच घे आणि त्याचं प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेव. स्पॉटलाइटला कापड टेकता कामा नये. पॅनलच्या मागच्या फटीत रिकामी खोकी कोंबायची सवय फार जणांना असते, तू ती लावून घेऊ नकोस. आणि अग्निशामक नळकांडं किंवा बाहेर पडायचं दार झाकेल असं काहीही उभं करू नकोस.

कार्पेटची कड संपली की तुझी हद्द संपली. स्टँडी, बरणी, खुर्ची, काही पुढे सरकवायचं नाही. तो रस्ता सगळ्यांचा आहे. रस्त्यात उभं राहून नमुने वाटायलाही बहुतेक ठिकाणी बंदी असते. मला हा नियम मनापासून पटतो, कारण तो लहानांच्या बाजूचा आहे. तो नसता तर मोठ्या कंपन्यांनी आपले लोक आणि फलक रस्त्यात उभे केले असते आणि तुझा नऊ चौरस मीटरचा कोपरा कुणाला दिसलाच नसता. शेजाऱ्यानं हद्द ओलांडली तर भांडू नकोस. फोटो काढ आणि आयोजकांच्या हॉल मॅनेजरला दाखव.

माल विकता येईल का, हेही आधी बघ. व्यापाऱ्यांसाठी भरवलेल्या प्रदर्शनांत सुट्या विक्रीला बऱ्याचदा मनाई असते. नमुना द्यायचा, ऑर्डर घ्यायची. विक्रीला परवानगी असेल तर प्रत्येक पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, तुझा पत्ता आणि चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक हवा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणून पोस्टरवर जीआयचा शिक्का टाकायचा मोह होईल. अधिकृत वापरकर्ती म्हणून तुझी नोंदणी असेल तरच टाक. मुंबईला येताना तुझा जीएसटी क्रमांक चालतो, राज्य तेच आहे. माल विकायला नव्हे, दाखवायला नेतेस म्हणून सोबत डिलिव्हरी चलान कर, तीन प्रतींत. एक लाखाच्या वर किंमत गेली तर ई-वे बिलही लागेल. पुढे कधी दिल्लीला किंवा बेंगळुरूला विक्रीसाठी गेलीस, तर तिथे तात्पुरता करदाता म्हणून नोंदणी करावी लागते. ती किमान पाच दिवस आधी मागायची आणि अंदाजे कर आगाऊ भरायचा. उद्यम नोंदणी तुझ्याकडे आहेच. एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेतून काही प्रदर्शनांच्या स्टॉलभाड्याचा परतावा मिळतो, महिला उद्योजकांना त्यात जास्त सवलत असते. जिल्हा उद्योग केंद्रात आत्ताच विचार, प्रदर्शन संपल्यावर नाही.

उभारणीच्या दिवशी हॉल म्हणजे बांधकामाची जागा असते. एसी बंद, धूळ, फोर्कलिफ्ट, वर शिडीवर चढलेली माणसं. चपला नकोत, बंद बूट घाल. छोट्या आरवला त्या दिवशी आणू नकोस, अठरा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. टेम्पोवाल्याला सांगून ठेव की गर्दीच्या वेळी जड वाहनांना मुंबईत बंदी असते, तेव्हा निघायची वेळ त्या हिशेबानं धरायची. आत जाताना सामानाची यादी गेटवर शिक्का मारून घे. हॉलला रखवालदार असतात, पण तुझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर नजर ठेवायला कुणी नसतं. उभारणीच्या आणि उतरवण्याच्या तासांत वस्तू सर्वांत जास्त जातात. तेव्हा स्टॉलवर कायम एक माणूस बसलेलं हवं. रात्री एकटी थांबू नकोस. सोबतीला कोण येणार, ते मला आजच कळव.

शेवटच्या दिवशी दुपारी चारलाच शेजारी खोकी काढायला लागतील. तू काढायची नाहीस. लवकर गुंडाळणाऱ्याला दंड असतो, पुढच्या वर्षी जागा नाकारतात, हे तर आहेच. पण त्या शेवटच्या तासात सावकाश बोलणारे खरेदीदार येतात. बाकीच्यांचे स्टॉल त्यांनी बघून झालेले असतात, त्यांना दर आणि महिन्याचा पुरवठा विचारायचा असतो. रिकाम्या टेबलासमोर ते थांबत नाहीत. बंद झाल्याची घोषणा होऊ दे, मग आधी बरण्या, नंतर पोस्टर, शेवटी दिवे. आयोजकांकडून काही देणं बाकी नाही असा कागद घेतल्याशिवाय गेटपास मिळत नाही, म्हणून विजेचं बिल आदल्या दिवशीच चुकतं कर. गेटपासच्या दोन झेरॉक्स काढ. एक टेम्पोवाल्याकडे, एक तुझ्या पर्समध्ये.

पीडीएफ मला आज रात्री पाठव. विजेचा फॉर्म आपण दोघी फोनवर बसून भरू, आणि घंगाळाचं मग बोलू.