रस्ता उतरतो कुठे, ते आधी बघ

अगं, तो नकाशा गुंडाळ आधी आणि चहा घे. पथ विभागात रुजू होऊन महिना झाला नाही आणि महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्याची फाईल तुझ्या टेबलावर आली. म्हणजे एक तर साहेबांचा तुझ्यावर विश्वास आहे, नाही तर ती फाईल दुसऱ्या कुणालाच नकोय. माझ्या नोकरीत बहुतेक वेळा दुसरंच कारण निघायचं.

नकाशावर सगळ्यांची नजर रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर जाते. तू टोकं बघ. सहा पदरी रस्ता आखायला डोकं लागत नाही, पट्टी लागते. पण तो जिथे उतरतो तिथे पुढे जुना दोन पदरी रस्ता, कोपऱ्यावर शाळा, रिक्षा स्टँड आणि भाजीच्या गाड्या असतील, तर कोंडी सुटली नाही. तू ती उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवलीस. मुंबईचा सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता घे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग जोडणारा, लांबी साडेसहा किलोमीटरसुद्धा नाही. काम २००३ मध्ये सुरू झालं आणि रस्ता उघडला २०१४ मध्ये. दुमजली पूल, कुर्ल्याजवळ रेल्वेमार्गांवरून जाणं ही अवघड कामं होतीच, पण वर्षं खाल्ली ती रेल्वेच्या परवानग्यांनी आणि रस्त्यात येणाऱ्या हजारो घरांच्या पुनर्वसनाने. आणि एवढं करून रस्ता झाल्यावर पश्चिमेच्या टोकाला वाकोल्यापर्यंत पुन्हा उन्नत विस्तार बांधावा लागलाच. म्हणून टोकाच्या चौकाचं रेखाचित्र आधी काढ, मधला रस्ता मग.

गाड्या नुसत्या मोजू नकोस. त्या कुठून आल्या नि कुठे चालल्या, ते थांबवून विचार. तुमचे सल्लागार त्याला ओडी सर्व्हे म्हणतात आणि बिल मोठं लावतात, पण गणपतीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत उरकला असेल तर ती कागदं वडे बांधायला दे. शाळा सुरू असतानाचा, आठवडी बाजाराचा दिवस धरून केलेला हवा. निम्म्या गाड्या महामार्गाला जायच्याच नसतात, चार चौक पलीकडे जायच्या असतात. त्यांना जोडरस्ता नको, जुन्या चौकातला एक सिग्नल नीट हवा असतो.

आणि चाल. सगळी आखणी पायी चाल. एकदा पहाटे, एकदा संध्याकाळी सातला, एकदा भर पावसात. मी एका शहरात, नाव नको, पुलाच्या खांबासाठी खड्डा मारायला सांगितला. नकाशात जलवाहिनी पदपथाखाली दाखवली होती. निघाली बरोबर खांबाच्या मधोमध. तीन दिवस अर्ध्या गावाला पाणी नाही, आणि माझ्या घरचा फोन चोवीस तास वाजतोय. नंतर कळलं, पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला ती वाहिनी कुठून जाते हे वीस वर्षं माहीत होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही रस्त्याला हात लावण्याआधी त्या भागातल्या व्हॉल्व्हमनबरोबर चहा प्यायचो आणि मगच खांबाच्या जागी हाताने चर खोदून बघायचो. खर्च फुटकळ येतो. लेखा विभाग कुरकुर करेल, करू दे.

उताराकडे लक्ष ठेव. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता तुला माहीत आहे. ट्रकवाले डिझेल वाचवायला गिअर काढून न्यूट्रलवर सोडतात आणि खाली ब्रेक लागत नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे एका अवजड गाडीने रांगेतल्या अनेक गाड्या ठोकल्या. तेव्हा तुझा जोडरस्ता उताराच्या पायथ्याशी महामार्गाला मिळत असेल तर जागा बदल. फलक लावून माणूस गिअर टाकत नाही. पुलाखालची उंचीही बघ. शहरात साडेपाच मीटर मोकळी ठेवतात, पण दर डांबरीकरणाला खालून एक थर चढतो. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, ही अट टेंडरमध्ये आजच लिही.

पायी चालणारा माणूस नकाशात नसतो. पुण्यातल्याच चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवे पूल आणि सगळे जोडरस्ते ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. गाड्यांची सोय झाली. पण मुंबईच्या बससाठी तिथे उभं राहणारे, बॅगा घेऊन महामार्ग ओलांडणारे लोक तसेच होते, आणि कुठल्या उतारावरून बावधनला जायचं हे गाडीवाल्यांनाही पहिले काही दिवस कळत नव्हतं. बस कुठे थांबेल, माणूस कुठून ओलांडेल, हे पहिल्या रेखाचित्रात दाखव. मागाहून पादचारी पूल टाकायला जागाच उरत नाही.

भूसंपादनाचं फार सांगत नाही, ते तुला लवकरच कळेल. आराखड्यात आरक्षित ठेवलेली जागा दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो. मग मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गेलंच समज. जागेच्या मोबदल्यात देऊ केलेल्या टीडीआरचं, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांचं, गाजर सगळे खातात असंही नाही. पुण्याचा तो छत्तीसेक किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या विकास आराखड्यापासून कागदावर आहे. म्हणून भूसंपादनही टोकांपासून कर. मधला तुकडा ताब्यात आणि दोन्ही टोकांना कोर्टाची स्थगिती, असले रस्ते मी पाहिलेत. त्यावर पोरं क्रिकेट खेळतात.

हरकती-सूचनांचे गठ्ठे कारकुनाकडे देऊ नकोस, स्वतः वाच. बालभारती ते पौड फाटा हा जेमतेम दोन किलोमीटरचा रस्ता वेताळ टेकडीच्या पायथ्यावरून न्यायचं किती वर्षं चाललंय. विरोध करणाऱ्यांना आपल्या खात्यात ‘झाडंवाले’ म्हणतात, ते मला पटत नाही. टेकडीत पाणी कसं मुरतं ते त्यांनी आपल्यापेक्षा नीट मांडलं होतं. मी असतो तर एवढ्याशा रस्त्यासाठी ती टेकडी खोदली नसती. तुझी फाईल वेगळी आहे, तुझं तू ठरव.

ओढे मात्र विसरू नकोस. नव्या नकाशात ओढा सरळ रेष होतो, कधी गायबच होतो. भूमी अभिलेखातून जुना गावनकाशा काढ आणि तुझ्या आखणीवर ठेव. सप्टेंबर २०१९ च्या त्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत काय केलं ते तू टीव्हीवर पाहिलंस, मी तिथे चिखलात होतो. मोरीचा व्यास ठरवताना वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचार, पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं. त्या हात लावून दाखवतात. तिथे खडूने रेघ मार, लेव्हल घे, आणि सल्लागाराचा आकडा त्याच्याखाली असेल तर त्याचा रिपोर्ट सही न करता परत पाठव.