पहिले सत्याग्रही

दिवाळीच्या सुट्टीत मी शहपुऱ्याला घरी गेलो होतो. इतिहासाच्या सरांनी युद्धाला विरोध करणाऱ्या एखाद्या नेत्यावर टिपण लिहून आणायला सांगितले होते. मी अमेरिकेच्या जेनेट रँकिन यांना निवडले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या बाजूने तिथल्या प्रतिनिधिगृहात ३८८ मते पडली आणि विरुद्ध एकच, त्यांचे. आजोबांनी वही पाहिली आणि म्हणाले, “अरे, एवढ्या लांब कशाला जातोस? आपले विनोबा आहेत की!” आजोबांची सगळी नोकरी जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात झाली, म्हणून मला हसूच आले.

विनोबा भावे म्हणजे गीताई आणि भूदान, एवढेच मला ठाऊक होते. ते काही निवडणूक लढवणारे पुढारी नव्हते. पण सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले, तेव्हा गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिले नाव विनोबांचे दिले. नेहरूंचे नाव दुसरे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला ते बोलले. या युद्धाला माणसे देऊ नका, पैसा देऊ नका, असे त्यांचे सांगणे होते. सत्याग्रह्याने कुठे, केव्हा बोलणार हे अधिकाऱ्यांना आधीच कळवायचे, असा नियम होता. आम्ही कॅडेट शिस्तीची एवढी घोकंपट्टी करतो, पण पकडायला येणाऱ्याला स्वतःच वेळ कळवणे ही शिस्त मला जास्त अवघड वाटते. विनोबा गावोगाव बोलत राहिले. २१ तारखेला अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा लागली. सुटल्यावर पुन्हा बोलले, पुन्हा आत गेले. १९४१ च्या मध्यापर्यंत असे पंचवीस हजारांवर सत्याग्रही तुरुंगात गेले.

मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. समोर हिटलर होता, मग त्याला अडवायचे कोणी? त्याच युद्धात आपले पंचवीस लाख जवान स्वेच्छेने भरती झाले होते. मला एनडीएत जायचे आहे आणि मी त्या जवानांना चूक म्हणणार नाही. आजोबांना तसे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, “मीही गाडे बनवलेच ना! पण आपल्याला न विचारता आपली माणसे मरायला पाठवली, तर कोणीतरी बोलायला हवेच होते.”

पुढे १९४२ मध्ये विनोबा पुन्हा पकडले गेले. त्यांना आधी वेल्लोरला आणि मग आमच्या जवळच्या सिवनीच्या तुरुंगात ठेवले. तिथे १९४४ मध्ये त्यांनी कैद्यांपुढे स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. उन्हाळ्यात आजोबा मला बसने सिवनीला नेणार आहेत. तुरुंगाची भिंत बाहेरून दिसली तरी चालेल.