वासराचा मोडलेला पाय : पहिला बंध व हाडाची जुळणी

अडलेल्या गाईचे वासरू दोराने ओढून काढताना, गोठ्यात गाईचा पाय पडल्याने किंवा खड्ड्यात पाय अडकल्याने वासराची नळी मोडते. गुडघा व खूर यांच्यामधील हाडास नळी म्हणतात. पाय लोंबू लागला की वासरू हातचे गेले, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा समज असतो. तो बरोबर नाही. कातडी शाबूत असेल तर नळीचे हाड बहुधा चांगले जुळते. मात्र ते जुळणार की नाही, हे पुष्कळदा दवाखाना गाठण्यापूर्वी गोठ्यातच ठरून जाते.

नळीवर मांसाचे आवरण नसते. वासरू उठण्याची धडपड करू लागले की मोडक्या हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर येते. मग जखमेत शेणमाती शिरते, पू होतो आणि धनुर्वाताचेही भय असते. म्हणून पाय मोडल्याचे दिसताच मोडका पाय वरच्या बाजूस येईल अशा रीतीने वासरास निजवून धरावे. हाड खरेच मोडले आहे काय, हे पाहण्यासाठी पाय पुनःपुन्हा हलवून करकर ऐकण्याची हौस अनेकांस असते. ती टाळावी.

एकाने पाय हलकेच सरळ ताणून धरावा. दुसऱ्याने त्यावर कापसाचा जाड थर गुंडाळावा; कापूस नसल्यास धुतलेले जुने धोतर चालेल. खुरामागील लहान खुरांभोवती थर अधिक द्यावा, कारण तेथे कातडी लवकर सोलवटते. त्यावर बांबूच्या दोन रुंद कामट्या, एक बाहेरच्या बाजूस व एक मागे, ठेवून पट्टीने खालून वर सारख्या ताणाने बांधाव्यात. कामट्या जमिनीपासून गुडघ्याच्या बऱ्याच वरपर्यंत याव्यात. मोडलेल्या जागेवरचा व खालचा असे दोन्ही सांधे बंधात आले नाहीत, तर बंध असून नसल्यासारखा.

कामट्या व सुतळीने करकचून बांधण्याची जुनी रीत मात्र घातक आहे. तिने रक्त पोहोचत नाही आणि काही दिवसांत खुरापासून पाय सडत येतो. खुरांची टोके उघडी ठेवून वारंवार हात लावून पाहावीत. ती गार लागली किंवा वर सूज दिसली, तर बंध लगेच सैल करावा.

हाड बाहेर आले असल्यास ते आत ढकलू नये. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुऊन स्वच्छ फडक्याने झाकावी. हळद, राख, शेण यांपैकी काहीही भरू नये. मांडीचे किंवा खांद्याखालचे हाड मोडले असेल, तर कामट्या बांधूच नयेत. तेथे वरचा सांधा बंधात येत नाही आणि कामट्यांचे ओझे मोडलेल्या जागीच हिसके देते. अशा वासरास गवताच्या जाड अंथरुणावर शांत ठेवून पशुवैद्यास बोलवावे.

दुखणे थांबविण्याचे औषध आपल्या मनाने देऊ नये. डायक्लोफिनॅक या औषधास तर जनावरांसाठी २००६ पासून भारतात बंदी आहे. ते दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात.

पशुवैद्य हाड बसवून प्लॅस्टर घालतात. त्याच्या आत काय चालते, हे समजल्यास शेतकऱ्यास धीर धरणे सोपे जाते. मोडलेल्या जागी प्रथम रक्त गोठते. त्याची जागा मऊ तंतूंचा व कूर्चेचा भराव घेतो आणि पुढे त्यात चुना साचून भराव हाडासारखा कठीण होतो. भराव मऊ असताना पाय हलत राहिला तर तो पुनःपुन्हा तुटतो. वासरास या सर्वांस साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मोठ्या जनावरास याहून पुष्कळ अधिक काळ लागतो आणि बैलाच्या वजनाखाली बंध टिकवणेही अवघड असते; तेथे आशा थोडी, हे स्पष्ट सांगावे. वाढत्या वासराचे प्लॅस्टर मध्येच बदलावे लागते, म्हणून ठरल्या दिवशी त्यास दाखवावे. या काळात त्याचे दूध तोडू नये. प्लॅस्टर ओले होऊ देऊ नये. त्यास दुर्गंधी आली किंवा माशा घोंगावू लागल्या, तर दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्लॅस्टर काढल्यावर पाय बारीक दिसतो व खुराच्या वरचा सांधा ढिला पडलेला असतो. आणखी दोन आठवडे वासरास न घसरणाऱ्या जमिनीवर लहानशा आवारात ठेवावे. कळपात सोडू नये.