काठावरचं धाडस

शेततळ्यात एक जण बुडाला, अशी बातमी आमच्या भागात फारशी ऐकू येत नाही. ऐकू येतं ते मायलेकी गेल्या, सख्खे भाऊ गेले, एकाच घरातले तिघं गेले. पोरगा घसरला म्हणून आई उतरली, आई वर येईना म्हणून चुलत्याने उडी घेतली. पहिला जातो तो पाय घसरून. त्याच्यामागचे मायेपोटी जातात, हिमतीपोटी जातात, आणि त्यांचं मरण टाळता येण्यासारखं असतं. आपल्या माणसांत हिंमत कमी नाही. ती वेळेवर कशी वापरायची, एवढं मात्र कुणी शिकवत नाही.

आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला. पाऊस जेमतेम. डाळिंब असो की कांदा, शेततळ्याशिवाय निभत नाही. फळबागवाल्यांनी तळी आधीच केली होती, २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि वस्तीवस्तीवर तळी झाली. त्या पाण्यावर आमची घरं उभी राहिली, पोरं शिकली. तळ्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण विहीर आणि शेततळं यांत मोठा फरक आहे. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, बुडणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागतं. शेततळ्यात चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद अंथरलेला. वरून पाहिलं तर उतार काहीच वाटत नाही, कोरड्या पायांनी लहान मूलही त्यावरून चालेल. तोच कागद ओला झाला, त्यावर हिरवं शेवाळ धरलं, की पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन परत आत सरकतो. तो पोहून दमतो आणि काठापासून हातभर अंतरावर बुडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, आमच्या खालच्या वस्तीवरच्या तळ्यात दोन भाऊ पडले. धाकटा हातपाय धुवायला गेला आणि घसरला. थोरला त्याला धरायला गेला. आम्ही बायका जवळच कांदा भरत होतो. ओरडा ऐकून धावलो तेव्हा थोरला एकटाच दिसत होता. काठाच्या शेवाळात त्याच्या बोटांनी ओढलेल्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, एकीखाली एक, सगळ्या खाली पाण्याकडे गेलेल्या. तेवढ्यात मुलांचा बाप धावत आला. त्याला पोहता येत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी आणि शेजारच्या काकूंनी त्याला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. तो आम्हाला शिव्या घालत होता, बुक्क्या मारत होता. “माझी लेकरं मरतायत आणि तुम्ही मला धरता?” तो हंबरडा आजही कानात आहे. आमच्यातली एक जण गोठ्यातून बैलाचा कासरा घेऊन आली. त्याच्या टोकाला पाण्याचा रिकामा कॅन बांधला आणि फेकला. पहिल्यांदा लांब पडला. मग थोरल्याच्या हाताला लागला आणि आम्ही त्याला ओढून काढलं. धाकटा सापडला तेव्हा फार उशीर झाला होता.

नंतर वस्तीवर कुजबूज झाली. बायकांनी बापाला सोडलं असतं तर दोन्ही लेकरं वाचली असती, असं काही जण म्हणाले. आमच्या तोंडावरही म्हणाले. त्या मुलांच्या आईला ते खरं वाटलं असेल तर मी तिला बोल लावणार नाही. पण त्या दिवशी बाप पाण्यात गेला असता, तर थोरला त्याच्या गळ्यात पडला असता आणि दोघंही गेले असते. बुडणारा माणूस समोर येईल त्याला धरतो, त्यावर चढून श्वास घ्यायला बघतो. तो जिवाचा खेळ असतो, तिथे बाप-लेक हे नातं उरत नाही. चांगला पोहणाराही त्या मिठीतून सुटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगते: काठावर पोचलात की पाण्याकडे बघायच्या आधी धावत येणाऱ्यांकडे बघा. उडी मारायला निघालेल्याला धरा. शिव्या खा, मार खा, पण धरा. आणि त्याच वेळी कुणाला तरी नाव घेऊन सांगा, “तू दोर आण, तू १०८ला फोन लाव.” नुसतं “अरे, कुणीतरी धावा” म्हटलं की कुणीच धावत नाही.

आणखी एक. बुडणारा हात हलवून, वाचवा वाचवा असं ओरडतो, हे सिनेमात. खरं बुडणं मुकाट असतं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घेतानाच पुरेवाट होते, ओरडायला उरतं काय? बहुतेकदा एका मिनिटाच्या आत माणूस दिसेनासा होतो. पोरं तळ्याजवळ आहेत आणि अचानक शांत झाली, तर हातातलं काम टाकून बघायला जा.

आता दोराचं सांगते, कारण जीव वाचतो तो दोराने. तळ्याच्या चारही बाजूंना एकेक जाड नायलॉनचा दोर हवा, वरचं टोक बांधावर खोल ठोकलेल्या लोखंडी खुंट्याला, खालचं टोक थेट तळापर्यंत सोडलेलं. ठिबकच्या नळीला किंवा कुंपणाच्या तारेला बांधू नका, ओढ बसली की सुटतं. दोराला हात-हातभर अंतरावर मोठ्या गाठी मारा, ओल्या हाताला नुसता नायलॉन धरवत नाही. जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर सोडले तर आणखी बरं, त्याची शिडीच होते. उन्हाने दोर कुजतो, तेव्हा पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ओढून बघा.

याशिवाय काठावर एक मोकळा दोर, वीस लिटरचा झाकणबंद कॅन बांधून, कायम टांगलेला असू द्या. पूर्वी आपल्याकडे पोरं पाठीला डबा बांधूनच पोहायला शिकायची, तेच हे. माणसाचं डोकं पाण्याच्या वर राहायला फार मोठा आधार लागत नाही, हा कॅन भरपूर होतो. त्यात तांब्याभर पाणी ठेवलं तर तो वाऱ्याने भरकटत नाही आणि फेकला तिथे जातो. फेकताना बुडणाऱ्याच्या पलीकडे फेका आणि दोर त्याच्या अंगावरून ओढत आणा. ओढणाऱ्याने उभं राहू नये. बांधावर पालथं झोपावं, मागून दुसऱ्याने पाय धरावेत. ओल्या कागदावर हातात हात घालून साखळी करायला जाल तर सगळी साखळीच आत जाते.

दोर नसेल तर साडी आहे. २०२०च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत, पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणावर चार तरुण बुडत होते. तिथे कपडे धुवायला आलेल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. दोघं गेले, त्याची हळहळ त्यांना पुढेही राहिली. भर दिवसा, परक्या माणसांसमोर साडी सोडायला काय लागतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. मी हा प्रसंग बचत गटाच्या बैठकीत सांगते तेव्हा क्षणभर कुणी बोलत नाही, मग एकेक जण म्हणते, मीसुद्धा सोडली असती.

बाहेर काढल्यावर काय करायचं, यात आपल्याकडे फार गोंधळ आहे. पोट दाबून पाणी काढतात, उलटं टांगतात, खांद्यावर घेऊन गरगर फिरवतात. मिठात पुरून ठेवलं की माणूस जिवंत होतो, असे निरोप मोबाइलवर फिरतात आणि त्यापायी हाती असलेली शेवटची मिनिटं जातात. यातलं काहीही करू नका. पोट दाबल्याने उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते. श्वास चालत नसेल तर उताणं निजवा, हनुवटी उचला, नाक दाबून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून जोराने दाबा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. ३० वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. मेंदूला चार-सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर नुकसान सुरू होतं, म्हणून हे काम काठावरच्या माणसाचंच आहे. आणि माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्याच. काही तासांनी श्वास बिघडू शकतो.

हे सगळं वाचताना सोपं वाटेल. अवघड भाग वेगळाच आहे. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन “तुमच्या तळ्याला कुंपण नाही, दोर नाही” हे म्हणायचं कुणी? तो भाऊबंद असतो, सोयरा असतो, कधी आपल्याला पाणी देणारा असतो. “आमच्या तळ्यात काय करायचं ते आम्ही बघू,” असं ऐकून मी परत आले आहे. गावात प्रत्येकाला धोका दिसतो, पण वाईटपणा कोण घेणार म्हणून सगळे गप्प बसतात. माझ्या मते गावाला उडी मारणाऱ्यापेक्षा हा वाईटपणा घेणाऱ्याची गरज जास्त आहे. त्यासाठी पोहता यावं लागत नाही, वय आड येत नाही. एकट्याने जाऊ नका, दोघी-तिघी जा. हात हलवत जाऊ नका, दोर आणि खुंटे घेऊनच जा. “आम्हीच ठोकून देतो, तुम्ही फक्त हो म्हणा,” असं म्हटलं की नाही म्हणणं जड जातं. पोरांचा विषय आधी घरातल्या आजीजवळ काढा, मालकाजवळ नंतर. आजीने मनावर घेतलं की कुंपण होतं.

शाळेच्या वाटेवरचं एक मोठं तळं अजून उघडं आहे. मालक शहरात राहतात, फोनवर हो-हो म्हणतात. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडायचा, म्हणून आम्ही ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज दिला आहे. बोलायला मी उभी राहणार आहे. कासरा आणणारी माझ्या शेजारी असेल, आणि त्या मुलांचा बाप स्वतःहून म्हणाला आहे, “वहिनी, मी पण दोन शब्द बोलतो.”