शेजारधर्म आणि शेजारमंडळ

शेजार आपोआप मिळतो. शेजारधर्म मात्र शिकावा लागतो. तो शिकण्याची उत्तम शाळा म्हणजे आपल्या आळींतील अथवा चाळींतील मंडळ होय. अशा मंडळाच्या हातून काय घडूं शकतें, हें समजण्यासाठीं आमच्या विद्यार्थ्यांनीं अमेरिकेंतील शिकागो शहराच्या एका वस्तीची हकीकत वाचावी, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८८९ मध्यें जेन अ‍ॅडम्स व एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणींनीं तेथील मजुरांच्या वस्तींत 'हल हाऊस' नांवाचें गृह उघडलें. लंडन येथें १८८४ सालीं निघालेलें टॉयन्बी हॉल हा त्यांचा आदर्श होता. दान देऊन निघून न जातां शेजारी होऊन तेथेंच राहावें, ही या गृहांची रीत. हल हाऊसच्या आसपास इटालियन, आयरिश, जर्मन, ग्रीक, ज्यू असे नाना देशांचे लोक दाटीनें राहत. त्यांच्यासाठीं बालवर्ग, रात्रीचे वर्ग व स्त्रियांचें मंडळ सुरू झालें.

त्या वस्तींतील रस्त्यांवर कचऱ्याच्या मोठमोठ्या लाकडी पेट्या फरसबंदीस जखडलेल्या असत. त्यांत घाण दिवसेंदिवस कुजत पडे, आणि लहान मुलें त्याच पेट्यांवर चढून खेळत. वस्तींत मृत्यूंचें प्रमाणहि फार होतें. तेव्हां स्त्रीमंडळांतील बारा जणींनीं गल्ल्यांची तपासणी करण्याचें पत्करलें. दिवसभर धुणें, इस्त्री व स्वयंपाक करून थकलेल्या या बायका! उन्हाळ्याच्या सायंकाळीं उंबऱ्यावर बसून विसावा घेणें त्यांस किती सोपें होतें! परंतु आठवड्यांतून तीन सायंकाळीं त्या गल्लोगल्ली फिरल्या, आणि कचऱ्यावरून शेजाऱ्यांचा रोष ओढवेल म्हणून डगमगल्या नाहींत. दोन महिन्यांत हल हाऊसकडून आरोग्यखात्याकडे १०३७ तक्रारी गेल्या, त्याहि पडताळून पाहिलेल्या.

एवढ्यानेंहि काम भागेना, तेव्हां अ‍ॅडम्सबाईंनीं कचरा उचलण्याचा मक्ता स्वतःच मागितला. तो मिळाला नाहीं. पण १८९५ सालीं नगराध्यक्षांनीं त्यांस वस्तीच्या कचरा-निरीक्षक नेमलें. सकाळीं सहा वाजतां त्या घराबाहेर पडत व गाड्यांच्या मागोमाग जात. पुढें मृत्यूंच्या प्रमाणांत शहरांत तिसरी असलेली ती वस्ती सातवी झाली. हा आंकडा लहान दिसतो. परंतु त्यांत कित्येक घरांचें सुख साठलेलें आहे.

अशीच कल्पना आपल्या मुंबईंतहि आली. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं 'नागपाडा नेबरहुड हाऊस' स्थापन केलें. त्याच वास्तूंत १९३६ सालीं समाजसेवेचें शिक्षण देणारें जें विद्यालय निघालें, तेंच आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नांवानें प्रसिद्ध आहे.

यांत इशाराहि आहे. हल हाऊस चालविणारी संस्था २०१२ सालीं पैशाअभावीं बंद पडली. शेवटच्या काळांत तिचा बहुतेक खर्च सरकारी पैशावर चाले. भार बाहेरच्यांवर टाकला, कीं संस्थेचें मूळ सैल होतें. वर्गणी थोडी असो, पण ती घरोघरची असावी; काम लहान असो, पण तें पुष्कळांनीं वांटून घ्यावें.

आपल्या मंडळाच्या उत्सवास शेंकडों माणसें जमतात, व तें योग्यच आहे. परंतु मंडळाची खरी परीक्षा उत्सव संपल्यावर होते. विद्यार्थ्यांनो, आठवड्यांतून एक तास आळीसाठीं राखून ठेवा. एकट्या राहणाऱ्या आजोबांचें औषध आणा. धाकट्या मुलांचा पाढा घ्या. पाणी कोठें साचतें तें तारखेसह वहींत टिपा व मंडळाच्या सभेंत वाचून दाखवा. सभेस कोण आलें नाहीं हें पाहून त्याच्या दारीं जा. कदाचित् तोच आजारी असेल. पालकांसहि आमची विनंती आहे, कीं या एका तासानें अभ्यास बुडतो असें त्यांनीं मानूं नये, आणि स्वतः मुलांबरोबर सभेस यावें.

त्या बारा जणींजवळ ना धन होतें, ना अधिकार. त्यांनीं आपल्या थकलेल्या सायंकाळी दिल्या, व त्याहि एकत्र मिळून दिल्या. एवढें देण्याची ऐपत आपल्यांतील प्रत्येकास आहे.