हृदयरोगी वृद्ध आणि साथीच्या काळातील चिंता

कोरोनाच्या साथीस आता काही वर्षे लोटली. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि तरुण मंडळी ती विसरूनही गेली. परंतु कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांत फिरताना आम्हांस असे आढळते की, कित्येक वृद्धांच्या मनातून ती साथ अद्याप गेलेली नाही. विशेषेकरून ज्यांस पूर्वीपासून हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, ते अजून रात्री छातीवर हात ठेवून जागे असतात. अशांच्या भेटीस जाणाऱ्या सुवार्तिक बंधूंस व त्यांच्या घरच्या माणसांस उपयोगी पडावा म्हणून हा पाठ आम्ही लिहीत आहो. त्यात आमची स्वतःची एक चूकही सांगावयाची आहे.

ते दिवस प्रथम आठवावे. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली. पुढे सरकारने पासष्ट वर्षांवरील माणसांनी, तसेच हृदयरोग, मधुमेह यांसारखे जुने विकार असलेल्यांनी घराबाहेर पडू नये अशी सूचना केली. ती योग्यच होती, कारण हा आजार अशांसच अधिक जीवघेणा होत असे. 1918 च्या इन्फ्ल्युएंझाने विशीतिशीतली धडधाकट माणसे मोठ्या संख्येने नेली होती. ह्या साथीचा रोख वृद्धांवर होता. पण ती सूचना वृद्धांच्या कानी कशी पडली? फोन लावावा तर पलीकडचे माणूस बोलण्याआधी खोकल्याचा आवाज. दूरदर्शनसंचावर रोज मृतांचा आकडा. आणि त्या आकड्याखाली ‘मृतास हृदयविकार होता’ असा शेरा. ज्याच्या खिशात हृदयाच्या गोळ्या आहेत त्याने तो शेरा आपल्याच नावाने वाचला.

खेड्यातील वृद्धाचे जग लहान असते, आणि त्या लहान जगावर त्याचा जीव असतो. सकाळी किटली घेऊन दूध संस्थेत जावे, तेथे चार समवयस्क भेटावे, पारावर घटकाभर बसावे, रविवारी उपासनेस जावे, एवढे ते जग. ते एका दिवसात मिटले. आपल्या राज्यातील उपासनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 पर्यंत बंद राहिली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली ती 7 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली. 2020 च्या मे महिन्यात मुंबईहून मुलगे गावी परतले, तेव्हा त्यांस आधी गावच्या शाळेत वेगळे ठेवीत. आईने डबा कुंपणापाशी ठेवावयाचा आणि मागे सरकून पाहावयाचे. अंत्यविधीस वीसच माणसे, आणि कोरोनाने गेलेल्याचे मुख पुष्कळांस दिसलेही नाही. शिवाय कोल्हापूर जिल्ह्याच्या वाट्यास 2019 च्या ऑगस्टात महापूर, मग साथ, आणि 2021 च्या जुलैत साथ उतरली नसता पुन्हा महापूर आला. पंचगंगाकाठच्या वृद्धांनी दोन वर्षांत दोनदा घर सोडले. दुसऱ्यांदा तर ज्या गर्दीपासून वर्षभर जपले त्याच गर्दीत, छावणीत, जाऊन राहावे लागले.

आता आमची चूक. 2020 च्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या मंडळीतील सत्तरी उलटलेल्या एका वडिलांचा फोन आला. त्यांस रक्तदाबाचा विकार होता. ‘पाळकसाहेब, छातीवर दगड ठेवल्यासारखे होते आहे, घामही सुटलाय. पण दवाखान्यात गेलो तर कोरोनात घालतील आणि घरच्यांचे तोंड पुन्हा दिसायचे नाही,’ असे ते म्हणाले. त्या आठवड्यात भीतीने घाबरलेल्या अनेकांचे असेच फोन आम्हांस आले होते. हीही भीतीच, असे समजून आम्ही त्यांच्याबरोबर प्रार्थना केली, धीर दिला, सकाळपर्यंत बरे वाटेल असे सांगितले, आणि निजलो. ती भीती नव्हती. हृदयविकाराचा झटका होता. सकाळी मुलाने त्यांस रुग्णालयात नेले तोवर मोलाचे तास निघून गेले होते. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी पहिल्या काही तासांतच औषधाने किंवा अँजिओप्लास्टीने उघडली तर स्नायू वाचतो. उशीर झाला तर जो भाग मेला तो परत येत नाही. ते जगले, परंतु दूध संस्थेच्या चार पायऱ्या चढताना त्यांस आजही धाप लागते.

असे एकटे तेच नव्हते. भारतातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने पुष्कळ रुग्णालयांचे आकडे एकत्र केले, तेव्हा टाळेबंदीच्या काळात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे रुग्ण सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसले. झटके तितके कमी झाले असे मानण्यास आधार नाही. बरेच लोक भीतीने व अडचणीने घरीच राहिले. त्यातच मार्च 2020 मध्ये अशी आवई उठली की, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे कोरोना बळावतो. डॉक्टरांच्या संस्थांनी गोळ्या बंद करू नका असे लगेच कळविले, पण आवई खेड्यात आधी पोहोचते आणि खुलासा मागाहून.

मनाची चिंता हृदयास कशी बाधते, हेही समजून घ्यावे. मनुष्य भ्याला म्हणजे त्याच्या शरीरातील ग्रंथी रक्तात एक द्रव्य सोडतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. साप दिसला असता पळून जाण्यास हे उपकारक आहे, पण सापच उशाशी महिनोन् महिने बसला तर? अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांस तो ताण सोसत नाही. दुसरी वाट अधिक आडवळणाची आहे. ज्याचे मन खचले तो गोळी घेण्याचे विसरतो, किंवा कशाला घ्यावी असे म्हणतो; चालणे सोडतो; मिश्री-तंबाखू वाढवितो; त्यास झोप येत नाही. एकाएकी झालेल्या दुःखाने हृदयाचा स्नायू काही काळ दुबळा पडतो असा एक विकारही आहे. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये त्याचे वर्णन केले; तो बहुधा उतारवयातील स्त्रियांस होतो, आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक बऱ्या होतात. दुःखाने छाती फुटते असे आपल्या आज्या म्हणत, ते अगदीच निराधार नव्हते.

ह्याच्या उलटही घडते. आमच्या ओळखीच्या एक आजी, पती साथीत वारल्यावर, तीन वेळा छाती धडधडते म्हणून रुग्णालयात गेल्या. तिन्ही वेळा ई.सी.जी. चांगला निघाला. घरचे म्हणाले, सोंग आहे. सोंग नव्हते, शोकाने व भीतीने जीव घाबरा होत होता, आणि त्यासही औषध व उपचार आहे. तेव्हा छातीतील कळ मनाची की हृदयाची, हा निवाडा सुनेने करू नये, शेजाऱ्याने करू नये, आणि पाळकाने तर मुळीच करू नये. छातीवर दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असे काही झाले तर 108 क्रमांकास फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. तपासणीत हृदय ठीक निघाले तर त्या माणसास हसू नये. मग मनाकडे पाहावे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वृद्ध माणसे सरसकट दुबळ्या मनाची असतात असे नाही. अमेरिकेत जून 2020 मध्ये झालेल्या पाहणीत चिंता व उदासी तरुणांत अधिक आणि पासष्टीपुढील लोकांत सर्वांत कमी आढळली. आमच्याकडील वृद्धांनीही 1967 चा कोयनेचा भूकंप आणि 1972 चा दुष्काळ पाहिलेला आहे. त्यांचा धीर आम्ही पुष्कळदा उसना घेतला आहे. खचतात ते बहुधा एकटे पडलेले, आजारी, किंवा ज्यांचे कोणी गेले असे.

ते ओळखावे कसे? आमचे वृद्ध ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाहीत. ‘अंगात जीव नाही’, ‘घास उतरत नाही’, ‘डोके जड आहे’ असे म्हणतात. हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, नातवंडांतही मन रमेनासे झाले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, जिल्ह्याच्या सी.पी.आर. रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर आहेत. ‘आता जगून काय करायचे’ असे कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नये. जीव देण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. मग त्यास एकटे सोडू नये. 14416 हा मनाच्या आरोग्याचा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे. तेथे फुकट व मराठीत बोलता येते.

कित्येक सुवार्तिक अशा घरी जाऊन प्रथम अविश्वासाबद्दल बोध करतात. आम्हीही केला आहे. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा दूताने त्यास आधी भाकर व पाणी दिले आणि निजू दिले. जाब विचारणे पुष्कळ पुढे, डोंगरावर झाले. भेटीस जावे तेव्हा जेवण झाले का, झोप लागते का, हे आधी विचारावे. गोळ्यांचे पाकीट पाहावयास मागावे. किती उरल्या ह्यावरून बरेच कळते. पुन्हा साथ आली आणि आत जाता आले नाही, तर अंगणात लांब बसून बोलावे, ठरल्या वेळी रोज फोन करावा. 2020 च्या सप्टेंबरात आशाताई घरोघर ताप व प्राणवायू मोजावयास जात, तेव्हा कित्येक वृद्ध त्या येण्याच्या आधीपासून दारात बसलेले असत. यंत्राचा आकडा त्यांस समजत नसे. कोणी येते आहे एवढे समजत असे.

ज्या वडिलांची गोष्ट वर सांगितली त्यांच्या घरी आम्ही अजून जातो. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. त्यांच्या नातीने खाटेवरच्या भिंतीवर खडूने मोठ्या आकड्यांत दोन क्रमांक लिहून ठेविले आहेत. वरचा 108 आहे. आमचा त्याच्या खाली आहे.